ऊर्जेचा हिशेब नेमका कुठे बिघडतो? या चुका टाळा

कूलरचं ऊर्जा-रूपांतर लिहायला सांगितलं की नववी-दहावीच्या वह्यांत हमखास एक ओळ सापडते: 'विद्युत ऊर्जा → थंडावा'. थंडावा नावाची ऊर्जाच नसते, त्यामुळे हिशेब पहिल्याच ओळीत फसतो.

नागपूरच्या उन्हाळ्यातला खिडकीचा कूलर घ्या. पंखा आणि पंप मिळून २०० वॅट घेतात असं धरू. तासाला झाले ७.२ लाख ज्यूल. तेवढ्याच वेळात वाळ्यावरून ५ लिटर पाणी उडालं, तर लिटरमागे सुमारे २४ लाख ज्यूल या दराने १.२ कोटी ज्यूल लागतात. हे विजेकडून आलेच नाहीत. ते आले गरम, कोरड्या हवेच्या औष्णिक साठ्यातून, आणि गेले वाफेत, अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता अवस्था बदलण्यात लागणारी उष्णता) होऊन. वीज फक्त पाणी वर चढवते आणि हवा ओढते. शेवटी तिचीही उष्णताच होते.

म्हणून खोलीत चिकचिक वाढली की आधी दार बघा. वाफ बाहेर पडली नाही तर हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावतं आणि पंख्याची उष्णता तेवढी आत साचते. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून घेणं ही याच चुकीची मोठी बहीण. टाकीत बर्फ टाकण्याचाही फार उपयोग नाही. १ किलो बर्फ वितळून २५ अंशांपर्यंत तापेस्तोवर सुमारे ४.४ लाख ज्यूल शोषतो, म्हणजे एक लिटर पाणी उडताना जेवढे लागतात त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय तो बर्फ गोठवताना फ्रिजने स्वयंपाकघर तापवलेलं असतंच.

दुसरी चूक साठा (ऊर्जा जिथे असते) आणि वाट (ती जशी एका साठ्यातून दुसऱ्यात जाते) यांची सरमिसळ. गतिज, गुरुत्वीय स्थितिज, स्थितिस्थापक, औष्णिक, रासायनिक, आण्विक, चुंबकीय, स्थितिक-विद्युत हे साठे. विद्युतप्रवाह, प्रकाश, ध्वनी या वाटा. कोराडीच्या औष्णिक केंद्रातून घरापर्यंत येणारी वीज तारांमध्ये साठून राहत नाही. मागणी असेल त्या क्षणी ती वाहते. 'कोळशात ऊर्जा भरलेली असते' हे वाक्यही अर्धवटच. साठा कोळसा आणि ऑक्सिजन या जोडीचा असतो, कारण ऊर्जा मिळते ती अणूंमधले नवे बंध तयार होताना, जुने तुटताना नाही. आणि अशा केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून (पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यातून) निघणारा पांढरा लोट हा धूर नव्हे. ते पाण्याचे थेंब आहेत, वीज होऊ न शकलेली उष्णता घेऊन निघालेले.

गच्चीच्या टाकीचं गणितही असंच फसवतं. १००० लिटर पाणी १० मीटर वर नेलं की mgh (वस्तुमान × गुरुत्व त्वरण g × उंची) च्या सूत्राने स्थितिज ऊर्जा ९८,००० ज्यूल येते, आणि तेवढीच वीज लागली असं उत्तर लिहिलं जातं. मोटरने १ किलोवॅट घेऊन २० मिनिटांत टाकी भरली असेल तर मीटरवर १२ लाख ज्यूल, म्हणजे एक-तृतीयांश युनिट पडलं. टाकीत उरले जेमतेम ८ टक्के. बाकीची ऊर्जा नाहीशी झालेली नाही, ती मोटर, पाइप आणि पाणी तापवण्यात गेली. हा वाटा फार वाढला तर फूट व्हॉल्व्हमधला (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाच्या झडपेतला) कचरा आणि पाइपचा अरुंद व्यास तपासा.

आता कागदावरच्या चुका. यांचं निदान सोपं आहे: तुमचं उत्तर बरोबर उत्तरापेक्षा किती पट आहे ते काढा. २०० किलोची दुचाकी (चालकासह) ताशी ३६ किमीने जात असेल तर वेग १० मी/से आणि गतिज ऊर्जा (½mv²) १०,००० ज्यूल. १,२९,६०० आलं, म्हणजे जवळपास १३ पट, तर ताशी किलोमीटरच सूत्रात घातलेत. दुप्पट आलं तर अर्धा विसरलात. हजारपट असेल तर ग्रॅमचे किलो केले नाहीत. वॅट-तासाला ज्यूल समजलं की उत्तर ३६०० पटीने लहान येतं, आणि ९.८ पटीने लहान आलं तर वस्तुमानालाच वजन समजून g गाळला आहे.