विमानात खिडकी घ्यायची तर ए की एफ? आधी ऊन कुठून येणार ते बघा

मागे मे महिन्यात आईला पहिल्यांदा विमानाने दिल्लीला नेलं, मुंबईहून संध्याकाळी पाचची फ्लाइट होती आणि तिच्यासाठी मुद्दाम पैसे भरून खिडकी घेतली, ए सीट, म्हणजे डावीकडची. विमान चाललं उत्तरेला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे डावीकडे, म्हणजे थेट तिच्या तोंडावर. दीड-दोन तास शटर खाली ओढून बसली बिचारी, काहीच दिसलं नाही तिला, आणि पलीकडे एफ सीटवर छान सावली. मला फार वाईट वाटलं कारण हे घरी बसून दोन मिनिटांत कळलं असतं.

करायचं काय, तर शाळेत शिकलोय तेच. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण, पाठीमागे पश्चिम. मोबाईलवर नकाशा उघडा, जिथे जायचंय तिकडे तोंड केलंय असं समजा, तुमचा डावा हात म्हणजे ए आणि उजवा हात म्हणजे एफ. (एअरबस ए३२० नाहीतर बोइंग ७३७, आपल्याकडची तीन-तीन सीटची बहुतेक विमानं अशीच असतात. परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानात उजवी खिडकी बहुतेक के असते.) आता फ्लाइटची वेळ बघा, सकाळी ऊन पूर्वेकडून, संध्याकाळी पश्चिमेकडून, एवढंच. सावली हवी तर मुंबई-दिल्ली सकाळी असेल तर ए, संध्याकाळी असेल तर एफ. दिल्लीहून परत येताना सगळं उलटं.

दुपारचं थोडं वेगळं आहे. हिवाळ्यात दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून नागपूर-कोलकात्याकडे म्हणजे पूर्वेला जाताना एफला ऊन आणि एला सावली, आणि दुबईकडे जाताना ए तापते. उन्हाळ्यात भर दुपारी मात्र सूर्य डोक्यावरच असतो (मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो ना, तेच), तेव्हा खरंच फारसा फरक पडत नाही, कुठलीही घ्या.

आता लोकांना वाटतं सावली पाहिजे तर व्ह्यू सोडायचा. तसं नाहीये, उलट बहुतेक वेळा सावलीच्या बाजूनेच जास्त चांगलं दिसतं! ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि समोरच्या डोंगरांवर पडतं, रंग नीट दिसतात, फोटो पांढुरके येत नाहीत. आणि पावसाळ्यात खाली ढग असतील तर ढगांवर आपल्या विमानाची सावली दिसते, कधीकधी तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य असतं. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून ज्यांनी इंद्रवज्र बघितलंय त्यांना लगेच कळेल, तेच ते. हे फक्त सावलीच्या बाजूने दिसतं, उन्हाच्या बाजूला बसून कितीही वाट बघितली तरी नाही. उन्हाची बाजू मुद्दाम घ्यायची ती सूर्योदय-सूर्यास्त बघायचा असेल तर, किंवा नद्या-तलाव चकाकताना बघायचे असतील तर.

मुंबईहून उडताना विमान बऱ्याचदा जुहूच्या बाजूने समुद्रावर जातं, अशा वेळी ए सीटवरून वांद्रे-वरळी सी लिंक दिसतो. गोव्याला जाणारं विमान तिथून डावीकडे वळतं, डावा पंख खाली झुकतो आणि अख्खी दक्षिण मुंबई खिडकीत येते, हे मला प्रचंड आवडतं. पुढे विमान समुद्रावरून गेलं तर कोकणकिनाराही डावीकडेच. म्हणून गोव्याला संध्याकाळी जाताना ए, किनारा पण आणि सावली पण, फक्त सूर्य समुद्रात बुडताना बघायचाय तर एफ. मुंबईत उतरताना विमान ठाण्याच्या खाडीवरून घाटकोपरकडे येत असेल तर पवई तलाव उजवीकडे, एफला. वारा बदलला की हे सगळं फिरतं, त्यामुळे फ्लाइटरडार२४ वर तुमच्या फ्लाइट नंबरचे आधीच्या दिवसांचे मार्ग बघून घ्या, तिथे रेघ दिसते कुठून गेलं ते.

हिमालय बघायचाय तर मग चूक करूच नका, तो चान्स परत परत येत नाही. दिल्लीहून बागडोगरा, गुवाहाटी किंवा काठमांडूला जाताना ए, परत येताना एफ, कारण रांगा उत्तरेला आहेत. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून म्हणजे दुसऱ्या बाजूने, त्यामुळे बर्फ झळाळतो आणि आपल्या डोळ्यांवर काही येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस गेल्यावर हवा स्वच्छ असते, तेव्हाच जा. लेहला फ्लाइट बहुतेक सकाळीच असतात कारण नंतर वारा वाढतो, तिथे दोन्ही बाजूंना डोंगरच डोंगर, मग सावलीसाठी जाताना ए आणि सकाळीच परत निघालात तर एफ. एक मात्र सांभाळा, लेह, पुणे, गोव्यातलं दाबोळी हे विमानतळ सैन्याचे आहेत, तिथे उडताना, उतरताना आणि जमिनीवर असताना फोटो काढायचे नाहीत.

बाजू ठरली की रांग. ए३२० मध्ये साधारण ९-१० पासून १९-२० पर्यंत खाली बघितलं की पंखच दिसतो, त्यामुळे पुढच्या रांगा किंवा मग २२ च्या मागे. मागे एक त्रास असतो, इंजिनाची गरम हवा मध्ये आली की फोटोत खालचं सगळं हलल्यासारखं येतं, पुढे परवडत असेल तर पुढेच घ्या. छोटं एटीआर असेल तर आनंदच, त्याचा पंख खिडक्यांच्या वर असतो, खालचं सगळं मोकळं. आणि खिडकीची सीट म्हणजे खिडकी असतेच असं नाही हं! ७३७ मध्ये पंखाच्या जरा पुढे एखाद्या रांगेत एसीची नळी भिंतीतून जाते, तिथे खिडकीच नसते. मी एकदा जास्तीचे पैसे भरले आणि अडीच तास पांढरी भिंत बघितली. कंपनी बऱ्याचदा सांगत नाही, आपणच सीट मॅपच्या साइटवर ती रांग तपासायची.

उन्हाच्या बाजूचीच सीट मिळाली तर सनस्क्रीन लावा, विमानाच्या काचेतून थोडे अतिनील किरण येतात. टेकऑफ-लँडिंगला शटर उघडं ठेवावं लागतं, तेव्हा लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर टोपी हाताशी ठेवा.

गेल्या नोव्हेंबरमध्ये आईला दिल्लीहून बागडोगऱ्याला नेलं, पंखाच्या पुढची ए सीट घेतली. कांचनजंगा आपल्या समोरच, ८,५८६ मीटर, आपण त्याच्याहून उंच असतो तरी बरोबरीने चालल्यासारखा वाटतो. ती काचेला कपाळ टेकवून बसली होती, चहा आला तो गार झाला तरी बघितला नाही तिने. परतीचं वेब चेक-इन करायला बसले तर मी काही म्हणायच्या आधी तीच म्हणाली, आता एफ घे गं.