गिअर खरखरतोय म्हणून गिअरबॉक्स खाली घेताय? आधी या चुका टाळा

गिअर टाकताना खर्रकन आवाज आला की माणूस घाबरणारच. पण गाडी माझ्या गॅरेजच्या दारात उभी राहायच्या आधीच निदान झालेलं असतं, ते कसं हे मला कळत नाही. "काका, गिअरबॉक्स गेलाय बघा. खाली घ्या." कुणी सांगितलं? मित्रानं. मित्राला कुणी सांगितलं? व्हिडिओनं. सांगली-मिरजेत अबार्थ पुंटो, बलेनो आरएस, पोलो टीएसआय, एखादी जपून ठेवलेली जुनी ऑक्टाविया आरएस, अशा मॅन्युअल गिअरच्या तापट गाड्या मोजक्याच. मालकांच्या चुका मात्र ठरलेल्या.

इंजिन बंद करून न बघणं

सगळ्यात आधी करायची आणि सगळ्यात कमी लोक करतात ती ही तपासणी. पैसा लागत नाही, पाना लागत नाही. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा, क्लच पूर्ण दाबा आणि एकेक करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत गिअर अलगद पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर गिअरबॉक्सच्या आतलं सामान बहुतेक ठीक आहे, क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला फिरवतंय. बंद गाडीतही तसाच कडक पडत असेल तर केबल, तिचे प्लॅस्टिकचे बुश, लिंकेज (लिव्हर आणि गिअरबॉक्स जोडणारे सांधे) इथे बघा. बुश फुटला की पोरं लिव्हर दोन्ही हातांनी ओढतात, आणि बुशाबरोबर केबलही घालवतात.

मग इंजिन चालू करा. क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि हळूच रिव्हर्स टाका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग, नसतो. क्लच नीट सुटला असेल तर तेवढ्या वेळात इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) फिरायचा थांबतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. थांबूनही खरखरला, तर क्लच धरून ठेवतोय. आता पेडल भराभर तीन-चार वेळा मारून पुन्हा बघा. या वेळी पडला तर पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा शिरलीय किंवा मास्टर (पेडलकडचा) नाहीतर स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडर गळतोय. एवढं सगळं पाच मिनिटांत होतं. पण थांबायचं म्हटलं की आजकालच्या पोरांना खुर्ची टोचते.

तासगावकडच्या एका बागायतदाराच्या पोराची गोष्ट सांगतो. पुण्याहून सेकंडहँड घेतलेली लाल टर्बो हॅचबॅक. फर्स्ट आणि रिव्हर्स खरखरत होते. दुसऱ्या एका गॅरेजात गिअरबॉक्स खाली घेऊन सिंक्रो रिंगा बदलल्या, क्लच सेटही नवा टाकला. बिलाचा आकडा त्यानं वडील आसपास नाहीत ना हे बघून सांगितला. गाडी जोडली, तर खरखर जशीच्या तशी. मी सीटवर बसून क्लच दाबला तर पेडल शेवटी मऊ टेकत होतं. चांगल्या पेडलचा शेवट पायाला कडक लागतो, हे मऊ भलतंच होतं. खाली वाकून बघितलं. कंपनीचं कार्पेट, त्यावर बाजारातली जाड सेव्हन-डी मॅट, आणि बागेतला चिखल लागू नये म्हणून तिच्याही वर एक रबरी मॅट. पेडलचा शेवटचा इंचभर प्रवास या तिघांनी खाल्ला होता. वरच्या दोन्ही काढल्या, फर्स्ट पडला, रिव्हर्स पडला, आवाज नाही.

पोरगं डिकीतून जुन्या रिंगांची पिशवी घेऊन आलं. पितळी रिंगेच्या आत बारीक रेघा असतात, तेलाचा थर कापण्यासाठी. रिंग झिजली की त्या सपाट होतात. या रिंगांवर नख फिरवलं तर प्रत्येक रेघ लागत होती. "मग त्यांनी बदललं ते काय होतं?" त्यानं विचारलं. "चांगलं होतं ते," मी म्हटलं.

तेव्हापासून गाडी कुणाचीही असो, ड्रायव्हरच्या पायातली मॅट आधी मागच्या सीटवर जाते, मग मी बसतो. मालकाला राग आला तर येऊ दे.

"भारीतलं टाका" म्हणून भलतंच गिअर ऑइल

ही माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक. डब्यावर ऑइलची प्रत छापलेली असते. जीएल-4 पेक्षा जीएल-5 एक आकड्यानं मोठं, म्हणजे चांगलं, असं समजून लोक डबा घेऊन येतात. हे आकडे शाळेच्या इयत्ता नव्हेत. जीएल-5 मुख्यतः डिफरन्शियलसाठी, म्हणजे दोन्ही चाकांना फिरणं वाटून देणाऱ्या गिअरसाठी आहे. तिथे दातांवर प्रचंड दाब येतो, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. त्यातली काही द्रव्यं गरम झाल्यावर पितळ खातात. आणि दुसरं म्हणजे, सिंक्रो रिंगेचं कामच मुळी घासून वेग जुळवण्याचं. तेल गरजेपेक्षा निसरडं झालं की रिंग सुळकन सरकते, वेग जुळत नाही आणि दात दातांवर आपटतात. चांगला गिअरबॉक्स ऑइल बदलल्यावर खरखरायला लागला तर डबा वाचा.

आवाज दाबायला 85डब्ल्यू-140 सारखं घट्ट ऑइल घालणारेही आहेत. आवाज कमी होतो खरा, पण सकाळी थंड गाडीत सेकंड दगडासारखा पडतो. आता सगळीकडे जीएल-4 च घाला असंही मी म्हणत नाही. काही कंपन्या स्वतःचं वेगळं ऑइल सांगतात, काही गिअरबॉक्समध्ये ऑटोमॅटिकचं पातळ ऑइल चालतं. गाडीच्या पुस्तकात जे छापलंय ते. पुस्तक हरवलं असेल तर आधी ते मिळवा.

ऑइल बदलताना वरचा, ऑइल भरायचा बोल्ट आधी सोडवा, मग खालचा, ऑइल काढायचा. खालचा बोल्ट काढून सगळं ऑइल सांडून मोकळे झालेले आणि वरचा बोल्ट गंजून फिरेनासा झालेले वीर मी बघितलेत. मग ती गाडी टो करून आणावी लागते.

काढलेलं ऑइल लगेच फेकू नका. मी ते पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन उन्हात धरतो. खालच्या बोल्टाच्या मॅग्नेटला राखाडी, मऊ चिखलासारखा थर असला तर काळजी नाही, ती नेहमीची झीज. ऑइलमध्ये सोनेरी चमचम दिसली तर पितळी रिंगा झिजतायत. लोखंडाचे टवके निघाले तर विषय मोठा आहे. आणि ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. 2005, 2019, 2021 असे तीन महापूर बघितलेल्या गावात हे सांगावं लागू नये. पण पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं इंजिन ऑइल बदललं, सीट वाळवल्या, आणि गिअरबॉक्सला हवा यायला ब्रीदर असतो हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. तिथून पाणी आत जातं. सेकंडहँड गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघता ना? गिअर ऑइलही बघा.

बाकीच्या नेहमीच्या

फक्त सेकंड खरखरतोय, तोही घाईत टाकला की? डबल क्लच करून बघा: क्लच दाबून न्यूट्रल, सोडा, पुन्हा दाबा, मग सेकंड. थर्डवरून सेकंडला येताना न्यूट्रलमध्ये थोडी रेसही द्या. असं केल्यावर आवाज गेला तर सिंक्रो झिजलाय. तेव्हा गिअरबॉक्स खाली घ्या, माझी हरकत नाही.

पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं फ्लुइड एकाच डबीतून जातं. पातळी उतरली की ती भरून विसरू नका, गेलं कुठे ते शोधा. पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टर सिलिंडर गळतोय. फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल ओढतं.

आंबा घाटात ट्रकमागे हाफ क्लचवर चढलात, वास आला आणि मग गिअर अडायला लागला तर तिथेच बाजूला थांबा. गार झाल्यावर नीट पडला तर तो तापलेला क्लच होता. चालवायची पद्धत बदला, पार्ट नको.

ॲक्सिलरेटर दिला-सोडला की लिव्हर पुढे-मागे हलतो? इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट बघा.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल आणि क्लचची सगळी तपासणी पास होऊनही फर्स्ट खरखरत असेल, तर पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं इंजिनकडचं टोक धरणारं) अडकलंय का ते बघायला सांगा.

शॉर्ट शिफ्टर. लिव्हरचा प्रवास कमी होतो, तेवढाच जोर जास्त लागतो. दुखणाऱ्या गिअरबॉक्सला तो लावणं म्हणजे घाईला बक्षीस देणं. आधी दुरुस्ती, मग हौस.

गिअरच्या मुठीवर हात ठेवून गाडी चालवू नका.

थंडीत सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर सेकंड थोडा कडक पडला तर तो आजार नाही. गाडी गरम होऊ द्या.

आणि गिअरबॉक्स खाली घ्यायचाच झाला, तर मजुरीच मोठी असते हे लक्षात ठेवा. त्याच खेपेला रिलीज बेअरिंग आणि क्रँकचा मागचा ऑइल सील बदला, फ्लायव्हील तपासून घ्या. एवढ्यात कंजूषी करून सहा महिन्यांत तेच काम घेऊन परत आलेल्या गाडीला मी रांगेत शेवटचा नंबर देतो.