आपल्याला या फील्डमध्ये आणणाऱ्या माणसाची आठवण कशी लिहायची (माझ्यासाठी तो केन ब्लॉक)

३ जानेवारी २०२३ ला सकाळी चहा घेता घेता फोन बघितला आणि केन ब्लॉक गेला हे कळलं. केन ब्लॉक म्हणजे अमेरिकेचा रॅली ड्रायव्हर (रॅली म्हणजे बंद केलेल्या रस्त्यांवर घड्याळ लावून होणारी गाड्यांची शर्यत), गाडीच्या कसरतींच्या 'जिमखाना' व्हिडिओंमुळे जगभर माहीत झालेला. अमेरिकेत तेव्हा अजून २ तारीखच होती. युटामध्ये स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, चालवताना तीव्र चढावर ती उलटली आणि त्याच्या अंगावर आली, वय ५५. माझी त्याची कधी भेट झाली नाही, पण मी आज जाहिरातीचं काम करतो ते या माणसामुळे आणि त्या दिवशी ऑफिसमध्ये बसून मला काही म्हणजे काही सुचेना. शेवटी सगळ्यांसारखा एक फोटो आणि खाली 'रेस्ट इन पीस लेजंड' एवढं टाकलं. संध्याकाळी परत वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण ती ओळ कुणाच्याही फोटोखाली चालली असती.

त्यानंतर दरवर्षी २ जानेवारीला मी त्याच्यावर नीट बसून लिहितो. मागच्या डिसेंबरात आमच्या टीममधली एक मुलगी म्हणाली, दादा मला पण माझ्या आवडत्या रेसरवर लिहायचंय पण दोन ओळींच्या पुढे गाडी जातच नाही. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी ती पहिली वेळ शोधा

त्याचं मोठेपण राहू दे बाजूला, तुम्ही त्याला पहिल्यांदा कुठे बघितलं ते आठवा. जागा, सोबत कोण होतं, किती वाजले होते, सगळं.

माझं सांगतो. मी नाशिकचा, लहानपणी काकांसोबत रॅलीच्या गाड्या बघायला धुळीत उभा राहिलेला मुलगा. २००९ मध्ये इंजिनियरिंगला होतो तेव्हा मित्राने नेट कॅफेत 'जिमखाना टू' लावला. जिमखाना म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर डेक्कन जिमखाना आला, क्रिकेट आणि टेनिस. तो शब्द मुळात आपल्याकडूनच इंग्रजीत गेलाय आणि तिकडे मोटरस्पोर्टमध्ये कोन मांडून घड्याळ लावून गाडी वळवत न्यायच्या प्रकाराला जिमखाना म्हणतात, हे नंतर कळलं. समोर स्क्रीनवर लॉस एंजेलिसच्या बंदरात एक सुबारू आडवी होऊन सरकत होती, बफरिंगला थांबत थांबत आम्ही तो व्हिडिओ तीनदा बघितला. मग मित्राने दाखवलं की व्हिडिओच्या नावातच 'इन्फोमर्शियल' लिहिलंय. म्हणजे ही डीसी शूजची, बुटांची जाहिरात आहे असं त्यांनी तोंडावर सांगितलंय, आणि आम्ही नेट कॅफेला तासाचे वीस रुपये देऊन ती जाहिरात बघतोय! टीव्हीवर जाहिरात लागली की चॅनेल बदलणारे आम्ही. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की हे काम करायचं.

तुमच्याकडे असा एक प्रसंग असेलच. तो सापडेपर्यंत लिहायला बसू नका.

मग त्याचं काम परत बघा, आवाज बंद करून

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही. आवाज चालू असला की इंजिन आणि टायर आपल्याला ओढून नेतात, बंद केला की त्या माणसाने घेतलेले निर्णय दिसायला लागतात. वही घ्या आणि प्रत्येक व्हिडिओला एकच प्रश्न विचारा, इथे त्याने काय ठरवलं?

माझ्या वहीत काय आलं ते बघा. २००८ चा पहिला व्हिडिओ कॅलिफोर्नियात एल टोरोच्या बंद पडलेल्या लष्करी विमानतळावर केलेला, म्हणजे जागा रिकामी आणि सगळं लक्ष गाडीवर. २०१० ला तो फ्रान्समध्ये माँलेरीच्या जुन्या रेस ट्रॅकवर गेला, तिथली तिरकी भिंतीसारखी वळणं हीच गोष्ट झाली. २०१२ ला सॅन फ्रान्सिस्को. त्या शहराचे चढउतार सगळ्या जगाला माहीत आहेत, त्याने फक्त रस्ते बंद करून घेतले आणि त्या चढांवरून गाडी उडवली. तेव्हा मला कळलं की हा माणूस आधी जागा निवडतो आणि जागेलाच काम करू देतो. २०१४ ला लॉस एंजेलिसमध्ये १९६५ ची मस्टँग आणली, ८४५ हॉर्सपॉवरची, चारही चाकांना ताकद, तिचं नाव हूनिकॉर्न. गाडीलाही पात्रासारखं नाव आणि चेहरा दिला आणि लोक गाडीसाठी परत यायला लागले. दारावर त्याचा ४३ नंबर मात्र तोच. सुबारू गेली, फोर्ड आली, शेवटी लास वेगासला 'इलेक्ट्रिखाना'त ऑडीची विजेवर चालणारी हूनिट्रॉन आली, तो ऑक्टोबर २०२२, म्हणजे जायच्या जेमतेम दोन महिने आधी. सगळं बदललं पण ४३ बदलला नाही. ब्रँडिंगच्या लेक्चरला जे दोन तास लागतात ते त्या एका आकड्यात आहे असं मला मनापासून वाटतं.

खरं तेवढंच लिहा

प्रेमात माणूस वाढवून लिहितो. केन ब्लॉक वर्ल्ड चॅम्पियन होता असं लिहिलेलं मी वाचलंय, तो नव्हता. वर्ल्ड रॅलीत त्याचा सगळ्यात चांगला नंबर सातवा, २०१३ ची मेक्सिको रॅली. हे लपवू नका, लिहाच. कारण त्याच्या शेजारी बाकीचं ठेवलं की माणूस अजून मोठा दिसतो. १९९४ मध्ये डेमन वे सोबत डीसी शूज काढली, २००४ मध्ये ती क्विकसिल्व्हरने घेतली आणि २००५ मध्ये हा रॅली चालवायला लागला, वयाच्या ३७ व्या वर्षी! ज्या वयात आपल्याकडे लोक म्हणतात आता स्थिर हो. काही रॅलीवाले त्याला नुसता मार्केटिंगवाला म्हणायचे, मला ते कधीच अपमानाचं वाटलं नाही. रॅली म्हणजे काय हे माहीत नसलेल्या करोडो लोकांनी त्याच्यामुळे रॅलीची गाडी डोळे भरून बघितली.

तारखा आणि आकडे दोन ठिकाणी तपासा, शंका असेल तर ते वाक्यच काढा.

तुम्ही त्याच्याकडून काय घेतलं ते कामातून दाखवा

'त्याने मला मोठी स्वप्नं बघायला शिकवलं' असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही. एक काम निवडा. माझं म्हणाल तर द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरचं. क्लायंटला हवं होतं की साहेब कॅमेऱ्यासमोर उभे राहून मशीनबद्दल बोलतील. मी म्हटलं पहाटे सहाला बागेत जाऊ आणि बोलायचं कुणीच नाही. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळवायला जागा किती कमी असते ते शेतकऱ्याला माहीत असतं, आम्ही तेच वळण एका दमात शूट केलं, चालवणारे काका पण बागेतलेच, वीस वर्षं हात बसलेला. त्या वळणाला लोक थांबून बघतात. ते वळण मी केन ब्लॉककडून घेतलंय आणि दर २ जानेवारीला मी हे लिहितो.

हे करू नका

त्या पोस्टवर कंपनीचा लोगो नको. माझ्या आधीच्या एका नोकरीत श्रद्धांजलीच्या खाली ऑफर टाकायला लावली होती, ते मला अजून टोचतं. अपघाताचे फोटो नकोत, त्याची बायको आणि मुलं आहेत. थोरली मुलगी लिया स्वतः रेसिंग करते. आणि त्याच्या आठवणीत रस्त्यावर गाडी अशी आडवी सरकवू नका प्लीज, तो परवानगी काढून रस्ते बंद करून हे करायचा.

शेवटी अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तो माहीतच नाही

मी आईला दिलं. तिने सगळं वाचलं, व्हिडिओ पण बघितला चष्मा लावून, आणि विचारलं, अरे पण एवढे टायर जाळतो त्याचे पैसे कोण देतं?

मी म्हटलं, बूट.

मग मी माझा पहिला पॅरा खोडला आणि त्या वर्षीचं लिखाण आईच्या प्रश्नापासून सुरू केलं.