आपल्या गल्लीचा कचरा नीट करायचाय? पालिका, कंपनी आणि शेजारी एकत्र कसे आणायचे, इंदूरहून सांगते

पुणे-नाशिकचे नातेवाईक इंदूरला आले की राजवाडा-सराफा फिरून होतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो, एवढं स्वच्छ कसं ठेवता हो तुम्ही लोक? २०१७ पासून २०२३ पर्यंत स्वच्छ सर्वेक्षणात दरवर्षी आमचा पहिला नंबर, २०२३ ला सुरतबरोबर वाटून, हे सगळ्यांना माहितीये. पण आपल्या कॉलनीत सुरुवात कुठून करायची हे कोणी सांगत नाही, म्हणून लोकमान्य नगरला आमच्या गल्लीत जे केलं त्यावरून लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ओला कचरा स्वच्छ निघाला तरच बाकी सगळं चालतं. आमच्या देवगुराडियाला बायो-सीएनजीचा, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस बनवायचा प्लांट आहे, १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा घेईल आणि त्यातून जवळजवळ १७ हजार किलो गॅस नि १०० टन खत निघावं असा हिशोब होता. साधारण १५० कोटींचा खर्च खाजगी कंपनीने केला, जागा आणि कचरा महापालिकेचा, आणि निम्मा तरी गॅस महापालिका सिटी बससाठी विकत घेणार असं ठरलेलं. आता विचार करा, कंपनी एवढा पैसा कशाच्या भरवशावर लावते? घराघरातून वेगळा केलेला कचरा रोज येणार या भरवशावर. भाजीच्या सालात प्लास्टिकची पिशवी, डायपर, फुटलेली काच आली की प्लांटला त्रास, म्हणजे आपलं स्वयंपाकघर त्या बसला जोडलेलं आहे, मला तरी हे कळल्यावरच हा विषय मनापासून पटला.

तर सुरुवात १०-१५ घरांपासून करा, अख्खी कॉलनी एकदम घेऊ नका. संध्याकाळी घरोघरी जा आणि पत्रक वाटण्यापेक्षा त्यांचा डबा उघडून बघा. आणि घरमालकाशी बोलून निघून येऊ नका, डबा भरणारी बाई वेगळीच असते! कामवाल्या मावशींना बसवून पाच मिनिटं समजावा, चहाचा चोथा ओल्यात, दुधाची पिशवी धुऊन सुक्यात, पॅड कागदात गुंडाळून वेगळं. आमच्याकडे कचरागाडीत सहा कप्पे असतात, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरातला घातक कचरा म्हणजे जुनी औषधं-ट्यूबलाइट वगैरे. घरात सहा डबे ठेवायची गरज नाही, रोजचे तीन ठेवा आणि बाकीच्यासाठी एक खोका माळ्यावर.

मग गाडीवाल्याला आणि वॉर्डाच्या दरोग्याला भेटा. आमच्या इथे सफाईच्या सुपरवायझरला दरोगाच म्हणतात. तक्रार घेऊन जाऊ नका, विचारा की आमच्या गल्लीत तुम्हाला काय अडचण येते. आम्हाला कळलं की सकाळी गाडी येते तेव्हा निम्मे लोक पूजेत किंवा अंघोळीत असतात आणि मग पिशवी कोपऱ्यावर ठेवून देतात. उपाय सोपा निघाला, दोन-दोन घरांनी एकमेकांचा डबा द्यायचा. कुठे अडलंच तर रहवासी संघातल्या एकाच माणसाने महापालिकेच्या ३११ या तक्रारीच्या अॅपवर फोटोसकट टाकायचं, दहा जणांनी दहा वेळा फोन करून काही होत नाही. पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, महिन्यातून एकदा भेटलं तरी पुरे.

खाजगीवाल्यांशी मात्र लेखी बोला, हे मी कळकळीने सांगते. आम्ही बागेत खतासाठी एक मशीन घेतलं, विकणाऱ्याने गोड बोलून पैसे घेतले आणि बिघडल्यावर सर्व्हिसला कोणी आलंच नाही, सहा महिने ते तसंच पडून. म्हणून दुरुस्ती किती दिवसांत, खर्च कोणाचा, वीजबिल कोण भरणार, हे आधी कागदावर घ्या. भंगारवाला पण खाजगीच की, त्याला ठरलेला वार द्या, रद्दी-बाटल्या तो नीट नेतो.

गणपतीत आणि हळदीकुंकवात खरी परीक्षा असते. निर्माल्यासाठी वेगळी टोपली ठेवा, हाराचा दोरा आणि थर्माकोल आधीच काढा, आणि जेवणावळीला स्टीलची ताटं. संघाने एकदाच शंभर ताटं घेऊन ठेवली की डिस्पोजेबलचा प्रश्न मिटतो, धुवायला मात्र माणूस आधी ठरवा, नाहीतर रात्री अकराला सगळे गायब.

बागेत खताचा खड्डा करणार असाल तर ओल्या कचऱ्याच्या दुप्पट (वजनाने नाही, टोपलीच्या मापाने) सुका पाला लागतो आणि ओलावा मुठीत दाबल्यावर दोन थेंब यावेत एवढाच. वास येऊ लागला की पाला वाढवा आणि खालीवर करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ असते तेव्हाच पाला पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवा, पावसाळ्यात कोरडं पान मिळत नाही.