वाडीतल्या व्हाळावर कच्चा बंधारा कसा घालायचा

सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेत कितीतरी वाड्यांच्या विहिरी तळाला जातात, बाहेरच्या माणसाला हे खरंच वाटत नाही. सह्याद्री ते समुद्र अंतर कमी, उतार भरपूर, वर जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, मग गड काय कर्ली काय तेरेखोल काय, सगळ्या नद्या पाणी घेऊन भराभर खाडीला मिळतात. नदी अडवणं आपल्या हातात नाही पण तिला मिळणारा वाडीतला व्हाळ, म्हणजे ओढा, नक्की अडवता येतो. सिमेंट-सळी काही नको, रिकामी सिमेंटची पोती, माती, फावडी आणि घरटी एक-दोन माणसं आली की छोट्या व्हाळाचं काम एका रविवारात होतं.

टायमिंग मात्र सांभाळा. परतीचा पाऊस थांबला, भातकापणी उरकली की लगेच, म्हणजे साधारण नोव्हेंबरात. आधी घातलात तर एका जोरदार सरीत सगळं वाहून जाणार आणि जानेवारीपर्यंत थांबलात तर अडवायला धार तरी कुठे उरते.

जागा बघताना घाई नको. पात्र अरुंद पाहिजे, दोन्ही काठ उंच आणि घट्ट, आणि वरच्या बाजूला व्हाळ पसरट, म्हणजे कमी पोत्यांत जास्त पाणी साठतं. तळाला वाळू असेल तर ती उपसून खाली घट्ट जमीन किंवा कातळ लागेपर्यंत जा, नाहीतर बंधारा वर दिसायला छान आणि पाणी खालून चाललंय. खाडीजवळ असाल तर भरतीचं पाणी कुठपर्यंत चढतं ते जुन्या माणसांना विचारा, त्या टप्प्यात गोडं पाणी टिकत नाही. ग्रामपंचायतीला आणि खालच्या वाडीला आधी सांगा, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहाय्यक) पण विचारा, कधीकधी पोती तिथून मिळतात.

पोती पाऊण भरायची, गच्च भरली की गोल होतात आणि मधे फटी राहतात. तोंड सुतळीने शिवायचं. मग दोन भिंती रचायच्या, मधे हात-दीड हात जागा सोडून, वीटकाम करतो तसे सांधे मोडत. उंची कमरेएवढी पुरे, पण तळाची रुंदी उंचीपेक्षा जास्तच ठेवा. काम चालू असताना मधून पाण्याला वाट ठेवायची, ती सगळ्यात शेवटी बुजवायची.

खरा बंधारा म्हणजे मधली माती. पोती फक्त तिला धरून ठेवतात, पाणी अडवते ती माती, आणि इथेच लोक कंटाळा करतात. जांभ्याची खडेवाली माती चालणार नाही, मळ्यातली नाहीतर तळ्याच्या गाळाची चिकणमाती आणा. थोडी ओली करून तळहातावर वळा, सुतळीसारखी लांब वळली आणि तुटली नाही तर चांगली. ढेकळं फोडायची, वीतभर थर टाकायचा, पाणी मारून पायांनी तुडवायचा, टाच रुतायची थांबली की पुढचा थर. पोरांना हे काम द्या, आनंदाने करतात. दोन्ही टोकं काठात हातभर खणून आत घुसवायची, पाणी पहिल्यांदा तिथूनच वाट काढतं. माथ्याला मधोमध थोडं खोलगट ठेवा म्हणजे जास्तीचं पाणी तिथून पडेल आणि जिथे पडेल तिथे मोठे दगड टाका.

नंतर आठवड्यातून एक फेरी मारा. कुर्ल्या (खेकडे) मातीत बिळं करतात, दिसलं बीळ की लगेच चिखल ठासायचा.

या पाण्यावर लाल भाजी, चवळी, भुईमूग आरामात होतो, माडा-पोफळींना शिंपणं मिळतं, आणि जवळपासच्या विहिरींचं पाणी टिकतं तो फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. कुळथाला यातलं पाणी घालू नका, तो ओलीवरच येतो. वायंगण, म्हणजे उन्हाळी भात मात्र पाणी खूप पितं, ते लावायचं की नाही हे सगळ्यांनी बसून ठरवा, एकाच्या भातासाठी दहा घरांच्या भाज्या सुकायला नकोत. आपल्याकडे पाणी अडवणं काही नवीन नाही, मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० सालचा आहे आणि अजून बागायतीला पाणी देतो.

मे संपायच्या आत सगळी पोती काढा, एकही ठेवू नका. उन्हाने ती कुजलेली असतात, पहिल्या पुरात फाटून त्यांचं प्लास्टिक सरळ खाडीत जातं. धड असतील ती धुऊन माळ्यावर टाका, माती परत मळ्यात पसरा.