चार आवाजांत गाणं बसवायचंय? आधी बेस लिहा

मेन चाल सोप्रानोला म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजाला द्या आणि लगेच खाली उडी मारून बेस म्हणजे सगळ्यात खालचा आवाज लिहा, मधले आल्टो आणि टेनर नंतर. बरेच जण वरून खाली एकेक लाइन लिहीत येतात आणि मग बेसला उरलेसुरले सूर मिळतात, ते ऐकायला पोकळ लागतं.

सुरुवातीला तीनच कॉर्ड (एकदम गायचे सूर) पुरतात: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. चालीतला सूर ज्या कॉर्डमधे बसतो ती घ्या, बेसला शक्यतो कॉर्डचा पहिला सूर द्या. आता आवाज चार आणि सूर तीन, मग एक डबल करावा लागतो म्हणजे दोन आवाजांना द्यावा लागतो, तर पहिलाच करा, नी मात्र डबल करू नका कारण त्याला वर सा कडे जायचं असतं आणि दोघं एकदम तिकडेच पळाले की कानाला लगेच कळतं.

आल्टो-टेनरला जवळचे सूर द्या, दोन कॉर्डमधे कॉमन सूर असेल तर तोच धरून ठेवा. बोअर वाटेल पण गाणाऱ्यांना सोपं जातं. सोप्रानो-आल्टो किंवा आल्टो-टेनरमधे सप्तकापेक्षा जास्त गॅप नको, टेनर-बेसमधे चालते.

अजून एक चेक करा, कुठलेही दोन आवाज सा-प अंतर ठेवून जोडीने सरकतायत का? (सा ते वरचा सा हे अंतर पण तसंच.) असतील तर दोन वेगळ्या लाइन वाटतच नाहीत, एकाला उलट्या दिशेला वळवा.

शेवटी प्रत्येक लाइन एकटी गाऊन बघा, जिथे अडखळाल तिथे बदला.