फ्लॅटचा विमा काढायचाय? आधी हे जमवा

एजंटाला फोन लावण्याआधी इंडेक्स टूवरची (खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावरची) किंमत डोक्यातून काढून टाका. फ्लॅट चाळीस लाखांचा म्हणून विमाही चाळीस लाखांचा, असा हिशेब इथे चालत नाही. त्या किमतीत जागेचा भाव असतो, आणि जागा काही जळत नाही. खरेदीखत काढून कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, बघा आणि त्याला आजच्या बांधकामाच्या दराने गुणा. 700 चौरस फूट, दर 2000 रुपये धरला, तर 14 लाख. दर मात्र एजंटाला नव्हे, ओळखीच्या गुत्तेदाराला विचारा.

मग सोसायटीच्या सचिवांना गाठा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा सोसायटीने काढायचा असतो. काढला असेल तर पॉलिसीची झेरॉक्स घ्या. "बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ" असं उत्तर आलं तर काय ते समजून घ्या. बँकेने कर्जासोबत कापलेल्या हप्त्याचा कागदही वाचा. तो विमा बहुधा तुमच्या जिवाचा असतो, घराचा नाही.

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी घरांसाठी मिळते. आग, वीज, पूर, वादळ आणि भूकंप त्यात मुळातच धरलेले आहेत. 1993 चं किल्लारी आठवणाऱ्यांना आणि 2024 मध्ये हिंगोलीकडचे हादरे बसलेल्यांना भूकंपाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. गच्चीतून दर पावसाळ्यात झिरपणाऱ्या पाण्याचं मात्र कुणी काही देत नाही.

आता घरातलं सामान. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, एवढं सामान यादी न देताही धरलं जातं. वरच्या हिशेबात ते 2 लाख 80 हजार होतात. भिंतीला पक्की बसवलेली कपाटं बांधकामात मोडतात. फ्रिज, कूलर, इन्व्हर्टर, सोफा, भांडीकुंडी हे सामान. खोलीखोलीतून फिरून बेरीज करा, आकडा वर गेला तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं.

चोरीबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. आग किंवा पुरासारखी घटना घडली आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच मूळ पॉलिसी पैसे देते. दिवाळीला सगळे गावाकडे गेले आणि मागे कुलूप तुटलं, तर त्याला घरफोडीचा वेगळा विमाच लागतो. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही, तुम्हीच विचारा.

शेवटी मोबाइलवर घराचा व्हिडिओ काढा, पावत्यांचे फोटो घ्या आणि सगळं स्वतःलाच मेल करून ठेवा. उद्या काही झालंच तर कंपनीला लगेच कळवा, आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत जळकं-भिजकं सामान भंगारवाल्याला देऊ नका.